शाहूवाडीचा पाऊस कळंब्यात

आकडे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणं, एवढंच माझं काम. त्यात सांगण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. पण चार वर्षांत इतकं साठलंय, की चहाला बसलं की मित्र आधी विचारतात, "काय, नवीन घोळ काय?"

आमची संशोधन संस्था कोल्हापुरात. एक केंद्र शाहूवाडीत, भातासाठी. एक कळंब्यात, तलावाच्या पाण्यासाठी. कुणीही आकडे भरले की आमचं सॉफ्टवेअर ती फाइल सगळीकडं पोहोचवतं. हे सगळ्यांना समजावणं माझ्याकडं!

*

पहिल्या ट्रेनिंगला शाहूवाडीचे तानाजीमामा पुढच्याच खुर्चीवर. वीस वर्षं भात मोजणारा माणूस.

मी म्हटलं, "तुम्ही तिथं फाइल सेव्ह केली, की तीच इथं दिसते आणि कळंब्यातही."

"मग माझ्याकडनं गेली काय?"

"गेली नाही मामा. तिन्हीकडं आहे."

"व्हय, पर त्यातली खरी कुठली?"

मी घाईनं पुढची स्लाइड लावली!

*

कळंब्याच्या कुलकर्णी मॅडमचा कॉम्प्युटर भरला. त्यांनी साफसफाई काढली, तर भाताच्या फाइली दिसल्या. पाण्याच्या केंद्रात भात कशाला? डिलीट!

सॉफ्टवेअरनं तेही इमानदारीत सगळीकडं पोहोचवलं. दहा मिनिटांत मामांचा फोन, "साहेब, माझं आक्खं भात गेलं की वो!"

अख्ख्या हंगामाचे आकडे. बॅकअप मी घ्यायचा होता, घेतला नव्हता. आता आमच्या प्रमुखांना, देसाई सरांना काय सांगायचं?

दुपारी मामा एसटीनं हजर. पिशवीत वह्या, रोजची नोंद हातानं लिहिलेली. टेबलावर थप्पी ठेवून म्हणाले, "इचारलतं न्हवं, खरी कुठली? ही बघा!"

*

एका सकाळी शाहूवाडीतून उद्याचा पाऊस आला. बेचाळीस मिलिमीटर, तारीख उद्याची! तिथल्या कॉम्प्युटरची तारीख एक दिवस पुढं गेली होती, हे मागाहून कळलं. तोवर देसाई सर माझ्या टेबलाशी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "परवाचा मागवता येईल का?"

ते चेष्टा करत होते का, मला अजून कळलेलं नाही.

*

आणि गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. स्क्रीनवर अचानक आणखी एक केंद्र दिसायला लागलं, गडमुडशिंगी. ते तर दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं! पण तिथून पावसाच्या फाइली धडाधड येत होत्या. पूर्ण दोन वर्षांच्या, एकही दिवस न चुकलेल्या.

सर म्हणाले, "हॅकर असणार."

"सर, हॅकर पाऊस कशाला मोजेल?"

दोघंही गोंधळलो. शेवटी सरांच्या स्कूटरवरून गेलो. केंद्र म्हणजे तिथले जुने नोंद घेणारे बापू यांच्या घरातलीच एक खोली. कॉम्प्युटर जागेवर, वर स्वच्छ कापड. अंगणात पर्जन्यमापक, घासूनपुसून ठेवलेला. इंटरनेट आम्हीच तोडलं होतं, आदल्या दिवशी नातीनं घरचं वायफाय जोडून दिलं होतं.

सरांनी हळूच विचारलं, "बापू, केंद्र बंद केल्याचं पत्र मिळालं नव्हतं?"

"मिळालं की," बापू म्हणाले. "पर पाऊस बंद केलाय, असं त्यात कुठं लिवलंय?"