सोनामावशीच्या ओट्यावर माझं प्रस्थान

विलायतेला जायच्या आधी मी बाबांकडे चार दिवस राहायला गेलो, आणि चारही दिवस समोरच्या सोनामावशीच्या ओट्यावर राहिलो.

यात सोनामावशीचा काही दोष नाही. बाबांचा तर मुळीच नाही. दोष माझा, कारण मला पाण्याची भीती! (आमच्या अंजनगावात गुडघ्यावर पाणी पाहायचं तर पावसाळ्यापर्यंत थांबावं लागतं.) तेव्हा अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडून विलायतेच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले. मी अकोल्याच्या बाजारात रुईचा धागा ओढून कापूस पारखायचो. एका साहेबाला माझी बोटं पसंत पडली. म्हणाला, पाच वर्षं विलायतेला चल. मी तोंडानं हो म्हटलं आणि मग आठवलं, की वाटेत समुद्र आहे.

म्हणून बाबांना निरोप धाडला, की चार दिवस राहायला येतो, जोशीबुवांकडून निघायचा पक्का मुहूर्त काढून ठेवा.

बाबांचा अंजनगावात पानमळा. मी रांगत होतो तेव्हाच माय गेली, मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते त्यांनीच. त्यांना मुहूर्त नको होता, फक्त चार दिवस मी घरात हवा होतो.

अकोल्याहून आमची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, निघाली ती कापसाच्या बंड्यांत सापडली. अख्खं वऱ्हाड बाजाराकडे चाललेलं आणि आम्हीच तेवढे उलटे! दोन दिवसांच्या वाटेला चार लागले. दारात उतरलो तर बाबांच्या आधी जोशीबुवाच धावत आले.

"थांब! आत पाय ठेवू नकोस! मुहूर्ताची दोनच पळं उरली आहेत, पुढं महिनाभर दुसरा नाही. असा थेट प्रस्थानाला चल!"

प्रस्थान म्हणजे चांगल्या वेळेला घर सोडून शेजारी मुक्काम टाकायचा, मग खरा प्रवास सवडीनं केव्हाही करा. एकदा निघालं की परत घरात शिरायचं नाही. एरवी माणसाऐवजी त्याचं गाठोडं ठेवूनही भागतं.

"इथं काळं पाणी ओलांडायचं आहे," बुवा म्हणाले. "गाठोड्यावर नाही भागायचं. माणूसच ठेवावा लागेल."

"अजी, पण तो आला कुठी अजून?" बाबा दारातून ओरडले. "आल्याबिगर निघन कसा?"

प्रश्न बिनतोड होता. पण माझ्या डोळ्यांपुढे समुद्र! मी एका उडीत सोनामावशीच्या ओट्यावर.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग आत गेले.

"बाबा, तुमीच या ना इकडं!" मी हाक मारली.

"माह्या घरी तू बसत नाही, अन् मी लोकाच्या ओट्यावर कायले येऊ?"

झालं! दोघंही एकाच मातीचे. बाबांनी आपली खाट दाराशी ओढली, मी माझी ओट्याच्या कडेला. मधून दिवसभर कापसाच्या बंड्या. बाबांना ऐकू कमी, त्यामुळे बापलेकांच्या गुजगोष्टी साऱ्या गल्लीनं ऐकल्या. "गणप्या, पोट साफ झालं काय?" बाबा विचारायचे, आणि मी उत्तर देण्याआधी बंडीवाला सांगायचा, "झालं म्हनते!"

दुसऱ्या दिवशी बाबांनी रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले. तेवढंच अंतर त्यांना मंजूर! मीही मधोमध गेलो. थाळी हातात आली तोच मागून बैलानं तोंड घातलं आणि एक रोडगा गट्टम केला.

"खाऊ दे," बाबा म्हणाले. "त्याले तरी मुहूर्त लागत नाही."

सोनामावशी मला म्हणाली, "काहून असा करून राहिला बापू? जाय ना घरात! मी डोळे मिटतो पाहिजे तर."

चौथ्या दिवशी निघायची वेळ झाली. मी गल्ली ओलांडून त्यांच्या दाराशी गेलो. आत चुलीपाशी दोन पाट मांडलेले दिसले, आलो त्या दिवसापासूनचे.

"एक डाव बस," बाबा हळूच म्हणाले. "दोन घास खाय अन् जाय."

मी पाय उचलला. खरंच उचलला! पण मधेच म्हणालो, "बाबा, मुहूर्त मोडला अन् जहाज बुडलं तं?"

त्यांनी पानाला चुना लावला, घडी घातली. मग माझ्या हातात विडा ठेवला. "नोको येऊ मंग. जहाजात लोकायचेबी लेकरं असतीन."

मी उंबरठ्याबाहेरूनच पाया पडलो. मागून बंडीवाला खेकसला, "बाजूले व्हा!"

मुंबईला पोचलो तर लढाई संपलेली. भाव कोसळला, साहेब गायब! लाजेपायी दोन महिने मी तिथंच गोदीत रुईचे गठ्ठे उचलत काढले. कोणत्या तोंडानं परत जाऊ? शेवटी गेलो, तेव्हा सोनामावशीनं ओट्यावरून उतरून मला कुलपाची किल्ली दिली. बाबांना जाऊन तेरा दिवस होऊन गेले होते.

आत शिरलो. या वेळी कुणी अडवलं नाही. पाट दोन्ही तसेच होते. एकावर मी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

जोशीबुवांना मात्र बोल लावायची सोय नाही. त्यांचा मुहूर्त खरा ठरला! ज्या जहाजात मी चढलोच नाही, ते अजूनपर्यंत बुडालेलं नाही.