कावळा नसलेलं बेट

सकाळपासून भिवाच्या जिवाला थारा नव्हता. अबुधाबीहून बोटीनं जावं लागणाऱ्या त्या बेटावर तो रिसॉर्टच्या रोपांना पाणी घालायचं काम करी. पण आज एक आळं भरून वाहत होतं आणि हा दुसरीकडेच बघत बसला होता. संध्याकाळी ऑफिसचे साहेब पिंजरा घेऊन येणार होते.

चूक त्याचीच होती. गेल्या पितृपक्षात त्यानं मेसच्या मागे वडिलांचं पान ठेवलं. वडे, भात, खीर, जमेल तसं. बेटावर कावळा औषधालाही नाही, हे याच्या ध्यानातच नाही! हात जोडून उभा राहून पाय दुखले, तेव्हा कुठे झुडपातून मांजराएवढं खोकड आलं, मोठाले कान हलवत, आणि पान चाटूनपुसून गेलं. दुसरा हसला असता. भिवा ढसाढसा रडला. तेव्हापासून रोजचा पहिला घास खोकडाचा. फोनवर बायकोला, सगुणाला, तो सांगे, "आबा जेवले."

खोकडाची ही जात याच बेटांवरची, असं फोरमन बदरुद्दीन छातीठोकपणे सांगायचा. खरंखोटं तोच जाणे. पण भिवाच्या लाडानं त्याची भीड चेपली आणि ते रिसॉर्टच्या टेबलांपर्यंत पोचलं. परवा त्यानं एका बाईच्या हातातलं सँडविचच ओढलं.

"ऑफिसची ऑर्डर आहे, भिवा," बदरुद्दीन म्हणाला. तो रत्नागिरीचा. "माणसाजवळ आलं की पिंजऱ्यात. लाइफटाइम. खलास."

"आणि नाही आलं तर, बदरुभाई?"

"तर जंगली म्हणून सोडतील. पण तुझं ते येणारच ना, हबीबी."

जेवणाच्या सुट्टीत भिवा मेसमागे गेला. खोकड आधीच येऊन बसलेलं. त्यानं दगड फेकला, मुद्दाम बाजूला. खोकड धावत गेलं, दगड हुंगला, तोंडात धरून पाहिला आणि पुन्हा त्याच्याकडे बघत बसलं. घास समजलं बिचारं.

"हट! जा!" भिवा ओरडला. ते आणखीच जवळ आलं. मग मात्र त्यानं नेम धरला. दगड बरगडीत बसला आणि खोकड केकाटत झुडपात शिरलं.

संध्याकाळी साहेबांनी भिवालाच त्याला बोलवायला लावलं. त्यानं भाताचा घास घेऊन हाक मारली. झुडपातून कान दिसले. भिवानं हात उचलला मात्र, ते जीव घेऊन पळालं.

"वाचलं रे तुझं!" बदरुद्दीननं त्याच्या पाठीवर थाप मारली. पिंजरा रिकामाच बोटीत चढला. हातातला घास आता कुठे ठेवायचा, ते भिवाला कळेना.