किड्यानं काकांना बैल समजलं

थांबा, बाकी सगळं नंतर, आधी हे ऐका. अंगाला मलम लावून बसलोय आन एका हातानं टाइप करतोय. दुसरा हात खाजवायला लागतोय.

आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी काकांची जाते. आज्ज्यापासून तो मान आमच्या घरात हाय. भावकीतल्या एका चुलत्याला तो कधीचा पायजे. आदल्या दिवशी तळ्यावर बैल धुताना काका मला म्हणले, "उद्या कासरा हातातनं सुटला की मान सुटला. ध्यानात ठिव."

आमी दोघं मांडीएवढ्या पाण्यात. कडंच्या गवताला बारक्या बारक्या गोगलगायी चिकटलेल्या. म्या दाखवल्या, तर काका म्हणले, "सोयाबीन खाणाऱ्या न्हायत ना? मग राहू दे."

सांजच्याला पाय खाजायला लागले. लाल पुरळ, मांडीपर्यंत, जिथवर पाणी होतं तिथवर. आई म्हणली, "लिंबाचा पाला उकळून देते." काकांना ते पटंना. "बैलाची घाण लागलीय. सकाळी तळ्यात बसून साबणानं घासू."

सकाळी आमी परत त्याच तळ्यात गेलो. ह्या वेळी गळ्यापर्यंत बसलो, म्हंजे सगळं एकदाच निघून जाईल. लई वेळ बसलो. दुपारी खाज गळ्यापर्यंत आली.

मिरवणूक निघाली. काकांच्या अंगावर नवा पांढरा सदरा, डोक्यावर फेटा, दोन्ही हातात दोन कासरे. खाजवायला हात न्हाय.

"मागनं काठीनं पिंढरी खाजव," काका ओठ न हलवता म्हणले.

रंगवलेल्या काठीनं मी खाजवायला लागलो.

"वर."

"काका, लोकं बघायलेत."

"बघू दे. वर खाजव."

तोरण समोर आलं. वाजंत्री जोरात. तेवढ्यात काकांनी दोन्ही कासरे सोडले आन खाली बसून दोन्ही हातांनी पाय खाजवायला लागले. बैल थांबले न्हाईत. दरसालची वाट, आपले आपले तोरणाखालनं गेले. त्यांच्या मागनं काका, वाकून, खाजवत.

"कासरा सुटला!" चुलता वरडला. "मान गेला!"

गावातली म्हातारी माणसं म्हणली, उद्या पारावर बसून ठरवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितले आन इचारलं, "गुरं धुता त्या तळ्यात उतरला होता?"

"दोनदा," म्या म्हणलं.

त्यांनी सांगितलं. आजारी गुराच्या शेणातनं किड्याची अंडी पाण्यात जातात. त्यातनं निघालेली पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत शिरून वाढतात. मग बाहेर पडून गुराचं अंग हुडकतात. माणूस गावला तर त्याच्याच कातडीत शिरतात, पण पुढं वाट मिळत न्हाय, तिथंच मरतात. त्याची ही खाज.

काका म्हणले, "म्हंजे त्यांनी मला बैल समजलं?"

"व्हय काका."

"आन बैलांना काय करतात?"

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "त्यांच्या अंगात नीट वाढतात. गुरांच्या डॉक्टरला दाखवा, औषध पाजा."

तिथनं आमी थेट पारावर. चुलता आधीच येऊन बसला होता. "कासरा सुटला का न्हाय, तेवढं सांगा."

"सुटला," काका म्हणले. "पण दवाखान्यात इचारून आलोय. तळ्यातल्या किड्याला माझ्यात आन बैलात फरक कळला न्हाय. काल तोरणाखालनं पहिले तीन बैल गेले. तिन्ही आमच्याच घरचे."

सगळ्यात म्हातारा माणूस हसता हसता खोकायला लागला, आन मान ऱ्हायला.

पुढच्या साली बैल बोअरच्या पाइपनं धुवायचं ठरलंय. चुलत्यानं काय आजून तळं सोडलं न्हाय. काल बघितलं तर तोबी पिंढरी खाजवत होता.

तुमच्याकडं झालंय का कुणाला असं? तळ्यात गुरं धुतली आन पाय खाजायला लागले? खरं सांगा, परत त्याच पाण्यात जाऊन बसला होता का?