आठ दिवसांची शांतता आणि सव्वीस वर्षांची मरळ

गेल्या वर्षी मी आठ दिवस शांत राहिलो. त्या आठ दिवसांत दुकानातली गिऱ्हाइकं पळाली, बायकोनं देवीला नारळ बोलला, आणि माझी नाडी नागभीडच्या बाजारात माझ्याशिवाय एकटीच भांडून आली.

चंद्रपुरात माझं भांड्यांचं दुकान आहे. सायकलला दोन्ही बाजूंनी पातेली बांधून खेडोपाडी फिरलो, ओरडून ओरडून घसा बसवला, तेव्हा कुठे हे बारा फुटी दुकान उभं राहिलं. शिक्षण आठवी, पण भाव करण्यात माझी पीएचडी आहे. (असं मी म्हणत नाही. ठोक व्यापारी म्हणतात, माझ्या पाठीमागे, शिव्या घालून.) राग मात्र दुकानात मोफत मिळतो. त्या उन्हाळ्यात एका माणसानं माझ्या पितळी हंड्याला 'पत्रा' म्हटलं, आणि त्याला उत्तर देता देता मी हंड्यांच्या चळतीवर आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बीपी आहे."

मी म्हणालो, "पितळच आहे!"

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या पल्लवीला बंगळूरची बढती आली. पल्लवी म्हणजे माझी एकुलती एक पोरगी, नागपूरला कंपनीत आहे. आमचं घराणं ढिवरांचं, म्हणजे मासे मारणाऱ्यांचं. कामासाठी जास्तीत जास्त लांब गेलेला माणूस म्हणजे माझे आजोबा, तेही शेजारच्या गावच्या तलावापर्यंत! आणि माझी पोरगी विमानानं जाणार होती. मी सगळ्या ओळीतल्या दुकानदारांना चहा पाजला. आणि ती म्हणाली, "मी नाई जात."

"काऊन?"

"तुमी इकडं हंड्यावर पडणार, अन् मी तिकडं काय करू? नोकरी सोडते अन् तुमच्या दुकानात बसते. पहिल्या दिवशी पाटी लावते, 'एकच भाव'."

एकच भाव! माझ्या दुकानात! मला तिथल्या तिथे पुन्हा चक्कर आली.

मग तिनं अट घातली. माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. त्यात वेगळं सिम होतं, म्हणजे मी कुठेही असलो तरी ते थेट तिच्या मोबाईलवर चुगली करणार. आठ दिवस नाडी शंभराच्या वर गेली नाही, तर ती बंगळूरला जाईल. एकदा जरी गेली, तर पाटी! शिवाय माझ्या मोबाईलमध्ये तिनं एक बाई घालून दिली. ती बाई मऊ आवाजात सांगायची, "श्वास आत घ्या. या क्षणात राहा. आपण जसे आहोत तसे स्वतःला स्वीकारा." (मी जसा आहे तसा स्वीकारायचा, तर मग घड्याळ कशाला? पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की नाडी वाढते.)

पहिल्या दिवशी माजरी गावची एक जुनी गिऱ्हाईक आली. दहा वर्षं आमचं भांडण आहे; ती प्रेमानं भांडायलाच येते. तिनं कढई उचलली.

"कितीची?"

"साडेचारशे."

"तीनशे देईन."

मी श्वास आत घेतला. या क्षणात राहिलो. श्वास सोडला. "घ्या, बाई."

तिनं कढई तापलेली असल्यासारखी खाली ठेवली. "काऊन भाऊ? भोक आहे का?"

"नाई."

"मंग चोरीची आहे?"

"नाई हो बाई. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

ती दोन पावलं मागे सरकली, कढई न घेताच गेली आणि रस्त्यातून माझ्या बायकोला फोन केला, "शालूताई, भाऊले एकदा नागपूरले दाखवून आणा. मले लक्षण बरं दिसून नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी असेच आणखी दोघं गेले. शालूनं नारळ बोलला. तिसऱ्या दिवशी ठोक व्यापाऱ्याचा फोन आला आणि त्यानं चेपलेल्या डब्यांना 'नवीन डिझाईन' म्हटलं. मी गप्प होतो, पण घड्याळ सत्त्याण्णववर गेलं. आणखी चार ठोके आणि माझ्या दुकानावर पाटी! त्याच क्षणी (बाईनं सांगितलंच होतं, क्षणात राहा) मला सीतारामदादा आठवला.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. नागभीडकडे आमच्या गावी असतो, तलावात मासे मारतो, धान लावतो. जगात त्याच्याइतका थंड माणूस नाही. गावात आधारचे फोटो काढले तेव्हा प्रत्येकजण कुरकुरत होता, मी असा दिसत नाही म्हणून. दादाचा फोटो सगळ्यात वाईट, एक डोळा मिटलेला, समोरचे दोन दात गायब. त्यानं तो निरखून पाहिला आणि म्हणाला, "बराबर आला. मीच आहो."

आता खरं सांगायचं तर दादावर माझा सव्वीस वर्षांपासून राग आहे. कारण पुढे येईलच. पण गरज माझी होती. दुकान शालूवर सोपवून मी बस पकडली. दादा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं शिवत बसला होता.

"दादा, काय करून राह्यला?"

"जाळं शिवून राह्यलो."

"अन् मनात काय चालू आहे?"

त्यानं जरा विचार केला. "जाळंच. अजून काय पायजे?"

मोबाईलमधली बाई जे मला तीन दिवस शिकवत होती, ते हा माणूस पन्नास वर्षं फुकटात करत होता. मी घड्याळ काढलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. का, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाला, "गुदगुल्या होतात बे, नाम्या."

त्या संध्याकाळपासून पल्लवीचे फोन सुरू झाले. आवाजात आनंद मावत नव्हता.

"बाबा, तुमची नाडी छप्पन! खेळाडूसारखी!"

"प्रयत्न करून राह्यलो, बाळा."

"अन् आज सोळा हजार पावलं? दुकान तं बारा फुटाचं आहे!"

"हो ना... जाऊन-येऊन, जाऊन-येऊन."

"अन् हे काय? पोहणं, चाळीस मिनिटं?"

मी घाम पुसला. "आंघोळ जरा जास्त झाली."

असे तीन दिवस निघाले. मी दुकानात परतून आनंदानं पुन्हा गिऱ्हाइकांवर ओरडू लागलो, दुकान पुन्हा चालू लागलं. पण गावात आमच्या वहिनीचं लक्ष दादाच्या मनगटाकडे गेलं. "पोरीचं महागाचं घड्याळ पाण्यात बुडवून राह्यले तुमी!" असं म्हणून तिनं ते काढून घेतलं आणि जपून राहावं म्हणून स्वतःच्या हातात घातलं. तसंच ते घालून ती नागभीडच्या बाजारात मासळी विकायला बसली.

आमची वहिनी. मासळीचा भाव करताना. मी तिच्या पायाची धूळही नाही, एवढंच सांगतो.

मी चंद्रपुरात दुपारचा पंख्याखाली झोपलो होतो. फोन वाजला.

"बाबा! आधी खाली बसा! ओरडू नका!"

"मी झोपलो आहे!"

"खोटं! नाडी एकशे एक्केचाळीस आहे!"

शालूनं फोन हिसकावला. "अवं खरंच झोपले होते. घोरून राह्यले होते."

"आई, तू त्यांना सामील होऊ नको!"

आयुष्यात पहिल्यांदा मी खराखुरा शांत होतो, आणि पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्याचा खोटा आळ येत होता! हा अन्याय कोण सहन करेल? मी पलंगावर उभा राहून ओरडलो, "मी शांत आहे! ऐकू येतं का? शांत आहे!" समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले.

मग पल्लवी हळू म्हणाली, "बाबा, नकाशात घड्याळ नागभीडच्या बाजारात काऊन दिसून राह्यलं?"

घड्याळ ठिकाणही सांगतं, हे दुकानदारानं विकताना तिला सांगितलं होतं. तिनं मला सांगितलं नव्हतं. (माझीच पोरगी.)

रविवारी, आठव्या दिवशी, ती नागपूरहून आणि आम्ही दोघं चंद्रपूरहून गावी पोचलो. त्या दिवशी तलावात मोठं जाळं पडणार होतं, सगळा गाव पाळीवर होता. पल्लवीनं वहिनीच्या हातातलं घड्याळ सोडवलं, माझ्या हाताला बांधलं आणि म्हणाली, "एक दिवस उरला. आता माझ्या डोळ्यासमोर."

"हरलो नाई का मी?"

"ती नाडी काकूची होती. तुमची पाहू द्या."

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. जाळं ओढताना नाडी एकशे दहा झाली, तर पल्लवी म्हणाली मेहनतीची चालते, रागाची नाही चालत. दुपारपर्यंत जाळं काठाला आलं. आणि त्यात, शेवाळात लोळत, मांडीएवढी मरळ.

आता त्या रागाचं कारण. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात. जितकी घरं जाळं ओढतात, तितके ढीग. मग एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा नाव घेतो, ढीग त्याचा. तिथे ना भाव, ना तक्रार. सव्वीस वर्षांपूर्वी, मी गाव सोडायच्या आधीच्या शेवटच्या वाट्यात, चार किलोची मरळ दादाच्या ढिगात गेली आणि मला मिळाले झिंगे. तेव्हापासून माझं मत आहे की त्यात काहीतरी खोट होती. त्यानंतर मी वाट्याला कधी उभा राहिलो नाही.

म्हातारे तुळशीरामकाका म्हणाले, "आज पाठ नामदेव करील. शहरातला माणूस, कोणाचा पक्ष घेणार नाई."

मी पाठ केली. पल्लवी माझ्यासमोर मोबाईल धरून. काका एकेका ढिगापाशी विचारत आले. "हा कोणाचा?" मी नावं घेत गेलो. आणि मग एका ढिगाला काकांचा आवाज बदलला. जड झाला, भरून आला. पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकाचा आवाज ऐकून त्याच्या खिशाचा अंदाज घेतला आहे! मी ओळखलं. मरळ!

"हा माझा!" मी गर्जलो. आणि पुढच्याला, मोठ्या मनानं, "दादाचा!"

वळून पाहिलं. माझ्या ढिगात झिंगे. दादाच्या ढिगात मरळ. काकांनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला; आवाज त्यानंच जड झाला होता.

मग मी फुटलो. "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांपूर्वीही हेच! चार किलोची मरळ यानंच नेली होती! मले काय, झिंगे! लहान्याचं कोणी पाहत नाई या गावात!" घड्याळ किंकाळ्या मारू लागलं. पल्लवीच्या हातातला मोबाईलही. एकशे अठ्ठेचाळीस. गेलं बंगळूर, गेलं विमान, आली पाटी. तरी तोंड थांबेना.

दादा चिखलात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. "कोणती मरळ बे?"

"कोणती? मी जायच्या आधीची!"

दादानं मनापासून डोकं खाजवलं. त्याला आठवतच नव्हती! मी जी गोष्ट चंद्रपूरपर्यंत सायकलवर वाहून नेली, तिचं या माणसाकडे नावनिशाण नव्हतं.

वहिनीला आठवलं. "ते? तिले तं मांजरीनं नेलं ना! रात्रभर ओट्याखाली खाऊन राह्यली होती. आमी सकाळी जवसाच्या चटणीसंगं भात खाल्ला."

"अन् दादा काही बोलला नाई?" मी विचारलं.

"बोलले ना. म्हणे, मांजर पोटुशी आहे, खाऊ दे."

आधी तुळशीरामकाकांच्या घशातून हसू फुटलं, मग वहिनी, मग सगळा गाव. सव्वीस वर्षं मी एका मांजरीच्या जेवणावर उपाशी होतो! मलाही हसू आलं, इतकं की झिंग्यांवरच बसलो. दादानं मला उठवलं, पंच्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाला, "तू पोटातून आला तेव्हाच ओरडत आला होता, नाम्या. दाई घाबरली होती. तसाच राह्य. फक्त गोळी खात जा."

पल्लवीनं मोबाईल पाहिला. "बाबा, बाहत्तर."

"पण अट तं मोडली."

"मोडली. पण त्या दिवशी आईनं फोनवर सांगतलं, तुमी गिऱ्हाइकाले 'घ्या बाई' म्हणून राह्यले, तेव्हा मी खरी घाबरली होती. ओरडा तुमी. पण गोळी रोज, अन् चालणं रोज एक तास. मंग जाते मी."

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो.

"पन्नास."

"वीस!"

"अर्धा तास, शेवटचा भाव. नाई तं पाटी."

"दिला!" मी म्हणालो, आणि जिंकल्याच्या आनंदात झिंगे वहिनीला देऊन टाकले. पल्लवी बंगळूरला गेल्यावर शालूनं सांगितलं की डॉक्टरांनी वीसच मिनिटं सांगितली होती. मी त्या दिवशी पुन्हा सगळ्या ओळीला चहा पाजला.

घड्याळ अजून हातात आहे, अर्धा तास रोज चालतो, मोबाईलमधली बाईही ऐकतो. दादावर आता माझा काडीचाही राग नाही. परवाच गावी जाऊन आलो. मन अगदी शांत, नाडी अडुसष्ट. ओट्यावर त्या मांजरीच्या खापरपणतीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, जीभ फिरवून मिशा चाटल्या, आणि घड्याळ वाजायला लागलं.