बोटीवर न गेलेले भाग

बाबाची बोट समुद्रावर निघायच्या आधी तीन गोष्टी भराव्या लागतात. टाकीत डिझेल, खणात बर्फ आणि टॅबमध्ये मालिकेचे भाग. पहिल्या दोन खलाशी भरतात. तिसरी माझ्याकडे आहे, आणि सगळ्यात जास्त बोलणी तिच्यावरूनच खावी लागतात.

बाबा तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकमानं चालते. बाबाला मी अरे-तुरेच करते. आमच्या कोळीवाड्यात बापाला अहो-जाहो करणारी मुलगी दिसली तर लोक विचारतील, घरात काही बिनसलंय का. मी रोज श्रीवर्धनला एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते, त्यामुळे जगातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांची जबाबदारी माझी, अशी घरची समजूत आहे. बोट एकदा गेली की आठवडाभर परतत नाही. किनारा दिसेनासा झाला की रेंज जाते, आणि जाळं सोडल्यावर बराच वेळ कुणालाच काम नसतं. पूर्वी त्या वेळात सगळे मिळून एका खलाशाच्या फोनमधला एकच सिनेमा बघायचे. तो इतका पाठ झाला होता की आवाज बंद करून लावायचे आणि संवाद स्वतः म्हणायचे.

शेवटी मी माझा जुना टॅब काढून दिला आणि बाबाला विचारलं, यात काय भरून देऊ?

"रडकं नको," बाबा म्हणाला. "सासवा-सुनांचं नको. भांडणं नको, ती बोटीवर हायतच. आन देवाचं पण नको. मच्छी साफ करता करता देवाकडं कसं बघायचं?"

एवढं सगळं वजा केल्यावर अंतराळ उरलं.

हिंदीत डब केलेली एक लांबच लांब मालिका मला मिळाली. पृथ्वीवरून निघालेलं एक यान वाट चुकतं आणि घराचा रस्ता शोधत फिरतं, एवढीच गोष्ट. पण भाग इतके, की माशांच्या पाटीत हात घातल्यासारखं व्हावं, तळ लागू नये. टॅबचं पोट मात्र लहान. एका फेरीला मावतील तेवढे घ्यायचे, परत आल्यावर पुसायचे, नवे भरायचे. म्हणजे निवड आली, आणि निवड आली की निवडणारीचा तोरा आला. प्रत्येक भाग मी आधी स्वतः बघायचे आणि मगच पास करायचे. पाण्याच्या टाकीवर बसून बघायचे, कारण आमच्या घरात रेंज तिथेच येते.

खलाशांनी पहिल्याच फेरीत मालिका आपल्या ताब्यात घेतली. यानाची बोट झाली. पृथ्वीचं बंदर झालं. इंजिन सांभाळणारा पिकल्या मिशांचा म्हातारा होता, तो ड्रायव्हर झाला, कारण आमच्या बोटीवर इंजिन बघणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात. आमच्या ड्रायव्हरला त्याचा इतका अभिमान, की जणू चुलतभाऊच. अडचण एकच आली. यानाची कप्तान बाई निघाली. आमच्याकडे बाया मच्छी विकतात, सुकवतात, भाव ठरवतात, नवऱ्याला आणि गिऱ्हाइकाला एकाच आवाजात गप्प करतात, पण मासेमारीला बोटीवर चढत नाहीत.

"बाई तांडेल," आमचा ड्रायव्हर परत आल्यावर मला म्हणाला. "मंग वाट चुकंल न्हाय तर काय व्हईल?"

दोन फेऱ्यांनी तोच म्हणाला, "बाई हुशार हाय. तुझ्या बापापरीस कमी वरडते."

हे सगळं असंच मजेत चाललं असतं. पण एके दिवशी मी भाग तपासत बसले असताना आई कपडे वाळत घालायला आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली. पडद्यावर यानाला भोक पडलं होतं.

"ही बोट फुटते?" आईनं विचारलं.

"फुटते. पण मग बुजवतात."

"मंग बुजवल्यावरचं धाड. फुटलेलं बोटीवर चढवायचं न्हाय."

"आई, हे खोटं असतं. स्टुडिओत करतात."

"समुद्राला काय म्हाईत खोटं हाय?"

मी तो भाग बाजूला काढला. त्या दिवसापासून चाळणी लागली. भोक पडण्याचे भाग गेले. मग वादळांचे गेले, कारण अंतराळातलं असलं तरी वादळ ते वादळच. आग लागण्याचे गेले, रस्ता सापडत नाही म्हणून माणसं रडतात ते गेले. आईनं एकदा नुसतं यानाचं इंजिन खोकताना ऐकलं आणि तोही भाग गेला. मागे उरलं ते असं: वाढदिवस, बोलणारी झाडं, कुणाची तरी टोपी हरवणं, आणि एका हिरव्या ग्रहावरचं लग्न.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या मालिकेत माणसांचा जीव सारखा टांगणीला लागलेला, ती आमच्या बोटीवर निवांत सहल होऊन बसली. खलाशांना यानातल्या माणसांचा हेवा वाटू लागला.

"त्यांचं इंजिन कवा बंदच पडत न्हाय," ड्रायव्हर कुरकुरला. "कंपनी कुठली ते तरी बघ."

मी म्हटलं, बघते. करणार काय? मीच ते इंजिन इतकं निरोगी ठेवलं होतं.

आता मला आईचा हट्ट हसण्यावारी का नेता आला नाही, ते सांगायला हवं. बाबाला एक धाकटा भाऊ होता. मी पहिलीत असताना तो बाबाबरोबर बोटीवर गेला आणि बोट त्याच्याशिवाय परत आली. मला सांगितलं, काका मुंबईला गेला, गोदीत नोकरी लागली. मी विश्वास ठेवला. नोकरी लागली की माणसं मुंबईला जातात, एवढं पहिलीतल्या पोरीलाही ठाऊक असतं. त्या दिवाळीला काकानं मुंबईहून मला फ्रॉक पाठवला, पिवळा, पुढे खिसा असलेला. तो ज्या पिशवीतून आला तिच्यावर आमच्याच तालुक्यातल्या बोर्ली पंचतनच्या दुकानाचं नाव होतं, आणि मी नुकतीच वाचायला शिकले होते. पुढच्या वर्षी पितरांच्या पंधरवड्यात आईनं तळलेल्या बोंबलांचं एक पान छपरावर ठेवलं. काकाला बोंबील फार आवडायचे. मुंबईला नोकरी करणाऱ्याला कुणी कावळ्याच्या हाती डबा पाठवतं का, हे मी विचारलं नाही.

बाकीचं गावानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं होतं. काका ते कापायला सुरी घेऊन पाण्यात उतरला. कमरेला दोर होता, तो बाबानं बांधला होता, आणि तांडेलाची गाठ सुटली, असं काही जण आवाज खाली आणून म्हणायचे. घरानं मला कधीच काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही तिघं ती मूठ आवळून बसलो होतो. मी मोठी होऊन नोकरीला लागले तरी घरात मुंबईचा विषय निघाला की बाबा उठून अंगणात जायचा.

आणि मग मालिकेत तो भाग आला. यानाच्या बाहेर काहीतरी अडकतं. पिकल्या मिशांचा ड्रायव्हर कमरेला दोर लावून ते सोडवायला बाहेर जातो. दोर परत येतो.

मी टाकीवरून खाली उतरले आणि नळाखाली तोंड धुतलं. मला भीती वाटली, साधी सरळ भीती. बाबा हे त्याच समुद्रात बसून, खलाशांच्या मधोमध बघणार, आणि त्याला उठून जायला तिथे अंगण नसणार. म्हातारा मरायचा तो भाग मी गाळला. त्याच्यासाठी सगळे रडतात ते पुढचेही गाळले. जेवणातल्या मिठावरून भांडण होतं तो भाग मला पुढे सापडला. तो चांगला हलकाफुलका होता. तो भरला आणि टॅब बाबाच्या हातात दिला.

आठवड्यानं बोट लागली. मी बंदरावर पोचायच्या आत ड्रायव्हरनं मला गाठलं.

"आमचा म्हातारा कुठं गेला? दिसलाच न्हाय."

"रजेवर गेलाय," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मी काय बोललो!" तो बाकीच्यांकडे वळून ओरडला. "शिमग्याला गेला असंल!"

त्यावरून बोटीवर मोठी सभा झाली होती म्हणे. एकाचं म्हणणं, म्हाताऱ्यानं हिरव्या ग्रहावर दुसरं घर मांडलं. दुसऱ्याचं म्हणणं, बाई तांडेलाशी त्याचं वाजलं आणि तो रुसून दुसऱ्या बोटीवर गेला. शिमग्याचा पक्ष शेवटी जिंकला, कारण शिमग्याला कोळी माणूस कुठूनही घरी येतो, मग तो अंतराळात का असेना. मी सगळ्यांबरोबर हसले. माझी निवड खपून गेली होती. बाबा तेवढा काही बोलत नव्हता, पण बाबा बंदरावर मच्छीशिवाय कशावरच बोलत नाही.

दुपारी आंघोळ उरकून बाबा ओटीवर चहा पीत बसला. आई आत स्वयंपाकघरात मासे कापत होती. बाबानं मला हाक मारली.

"बाय, तो म्हातारा कुठं गेला?"

"सांगितलं ना. रजेवर."

"मिठावरनं भांडतात ना," बाबा म्हणाला, "तवा मागं एक ताट मांडलेलं हाय. वाढलेलं. त्याला कुणीच हात लावला न्हाय."

मी तो भाग दोनदा बघितला होता. दोन्ही वेळा भांडण बघितलं. ताट बघितलंच नव्हतं.

"रजेवर गेलेल्याचं ताट वाढत न्हाय," बाबा म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मुंबईला गेला व्हय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी यांना जपतेय. यांना वाटत होतं, हे मला जपतायत. मी नुसती मान हलवली.

"तो भाग लाव," बाबा म्हणाला.

"नको, बाबा."

"लाव."

टॅब घेऊन मी टाकीवर गेले, भाग उतरवला आणि ओटीवर येऊन त्याच्या शेजारी बसले. म्हाताऱ्यानं कमरेला दोर लावला. बाबा पुढे सरकला आणि डोळे बारीक करून बघू लागला, जाळं फाटलंय कुठे ते शोधताना बघतो तसा. म्हातारा बाहेर गेला. दोराची कडी निसटली. दोर एकटाच मागे आला, आणि यानातली ती हुशार बाई तो हातात धरून उभी राहिली.

"कडी निसटली त्यांची," बाबा म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "आमची गाठ सुटली न्हवती."

मी टॅब थांबवला.

"दोन गाठी मारलेल्या मी. दोर वर आला तवा दोन्ही तशाच व्हत्या. कमरेभोवतीचा वेढा कापलेला व्हता. जाळ्यात दोर पण गुतला असंल, म्हून त्यानंच कापला. सुटून वर येईन म्हणाला असंल मनात. मी दोनदा खाली गेलो, बाय. कायच दिसत न्हवतं."

"मग गावात कुणाला सांगितलं का नाहीस, गाठ सुटली नव्हती म्हणून?"

"सांगून काय? त्याचीच चूक व्हती असं बोलायचं?"

बाबा रडला नाही. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला साबण लावूनही मच्छीचा वास होता. आतला विळीचा आवाज केव्हाच थांबला होता. मग बाबा काकाबद्दल बोलत राहिला. तो कसा पोहायचा, बोंबलांवरून आईशी कसा भांडायचा, मला खांद्यावर बसवून बंदरावर कसा न्यायचा. त्या मालिकेच्या कुठल्याही भागापेक्षा ते लांबलं, आणि मी त्यातलं काहीच गाळू दिलं नाही.

"तुला कवा कळलं?" बाबानं शेवटी विचारलं.

"दिवाळीला. फ्रॉकच्या पिशवीवर बोर्ली लिहिलं होतं."

बाबानं स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ऐकलंस? तवाच बोललेलो तुला, पिशवी बदल म्हून!"



"बदललेली," आई म्हणाली. आतून आलेला आवाज रडून जड झालेला, पण धार होती तशीच. "आधी श्रीवर्धनची व्हती. बोर्ली लांब वाटली मना."