मूळ फोटोला हात नाय लावायचा

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्यात, ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. त्याची बहीण एवढंच म्हणाली, “दादा सकाळी उठलाच नाय गो...” वय छत्तीस. खरं सांगते, मला आधी रागच आला. आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं.

आम्ही दोघं पायथन या संगणकीय भाषेत एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहीत होतो, कारखान्यातल्या पत्र्यांच्या फोटोंतले ओरखडे शोधणारी. तो पेणला रामवाडीतल्या घरून, मी रोह्याहून. फोटो उजळायचा, डाग काढायचे, कडा शोधायच्या, आणि दर पायरीला तो नव्या नावाने ठेवून पुढच्या फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या पुढच्या तुकड्याच्या, हाती द्यायचा. या हमालीचा हेमंतला भारी कंटाळा. बाप-आजा मिठागरातले. म्हणायचा, “आमच्याकडं पानी एका कप्प्यातून दुसऱ्यात आपसूक जातं. तसं झालं पायजे.” आणि त्याने ते केलंही. एकाच ओळीत टिंब देत फंक्शनं जोडत जायची. प्रत्येकाने नवा फोटो पुढे द्यायचा, मूळ तसाच ठेवायचा. अडून बसले मी. डाग काढणारं फंक्शन माझं, आणि ते मूळ फाइलवरच लिहायचं. “जागा वाचते,” मी म्हणायचे. “मूळ फोटोला हात नाय लावायचा, सुजाता.” कोलाडच्या हॉटेलातल्या शेवटच्या भेटीतही चहा निवेपर्यंत हेच...

दहाव्याच्या आधी काकूंनी, त्याच्या आईने, एक मेमरी कार्ड दिलं. त्यात तो हसतानाचा एकुलता एक फोटो होता, जरा धुरकट. “साफ करून दे गो, मोठा लावायचाय.” मी घाईत आमचीच फंक्शनांची साखळी थेट कार्डावर चालवली. माझ्या फंक्शनने हनुवटीवरचा तीळ डाग समजून पुसला, डोळ्यांजवळच्या सुरकुत्याही. दुसरी प्रत नव्हती. काकू फोटोकडे वाकल्या. “डोळं त्याचंच हायत... पन ह्यो माजा नाय गो.” मी काय केलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी कार्ड घेऊन पदराच्या गाठीला बांधलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फंक्शन मी त्याच संध्याकाळी बदललं. दोन ओळींचं काम होतं. त्यासाठी मी त्याच्याशी सहा महिने भांडले.

परवा रामवाडीला गेले. भिंतीवर तोच फोटो आहे. काकूंनी हार घातला, काजळाची डबी उघडली आणि करंगळीने काचेवर हनुवटीच्या जागी तीळ काढला. जरा डावीकडे गेला, म्हणून पदराने पुसला आणि पुन्हा काढला.