गच्चीवरून उतरवलेला पालक

वडिलांची उभी हयात सुरतेत कापडाच्या लूमवर गेली. कानही त्या खडखडाटातच अर्धे गेले. गोडादऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना रिकामं बसवेना, आणि गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची मनाई. माती सांडते, स्लॅब गळतो म्हणून. मग मी त्यांना मोबाईलवर मातीशिवाय भाजी वाढवण्याचा व्हिडिओ दाखवला. तो त्यांनी तीनदा बघितला आणि म्हणाले, "यात माती कोठे शे? मग त्यासनी काय तक्रार?"

चेअरमनला मी आधी विचारलं होतं. "माटी नथी ने? तो वांधो नथी," असं ते आपल्या दारात उभं राहून म्हणाले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

चार इंची पाइपाचे तीन तुकडे आणले. सुताराकडून त्यांना वीतवीत अंतरावर गोल भोकं पाडून घेतली, टोकं बंद केली. रोपांसाठी जाळीचे कप हवे होते, तर वडील जुन्या कारखान्यातून पिशवीभर प्लास्टिकचे कोन घेऊन आले. रंगवायचं सूत ज्यावर गुंडाळतात ते, अंगभर भोकं असलेले. ते अर्धे कापून त्यांत काथ्या भरला. झाकणाच्या बादलीत खत विरघळवलेलं पाणी आणि कूलरचा छोटा पंप. पाणी वरच्या पाइपात चढायचं आणि उतारावरून तिन्ही पाइप फिरून पुन्हा बादलीत यायचं. पहिल्यांदा उतार चुकला, पाणी एका टोकाला साचलं आणि पुदिन्याची मुळं सडली. वडिलांनी खाली लाकडी पट्ट्या सरकवून तोल साधला. महिन्याभरात पालक तरारला. जो गच्चीवर येईल त्याला वडील कोन उचलून पांढरीशुभ्र मुळं दाखवायचे.

एका शनिवारी दुपारी मी कामावरून आले, तर आमचे पाइप गेटजवळ भिंतीशी पडलेले. एक मधोमध फुटला होता. पालक उन्हात आडवा, सुकलेला. वडील पायरीवर बसून कोन गोळा करत होते.

"वॉचमननी काढं," ते म्हणाले. "मी सांगं त्याले, पानी झाकेल शे. ऐकंच नही."

मी तशीच चेअरमनच्या दारात गेले.

"मच्छर थाय छे, बेन. कम्प्लेंट आवी."

"कोणाची?"

"बधानी."

"सगळ्यांची? एक तरी पाइप उघडून बघितलात?"

"एमां शुं जोवानुं?" त्यात काय बघायचं, असं ते म्हणाले आणि मग हिंदीत, समजुतीच्या सुरात, "आप लोग बाहर से आते हो, फ्लॅट में रहने के कायदे होते हैं।"

बाहेरून! ते ज्या कापडाच्या धंद्यावर जगतात, ते कापड माझ्या बापाने कान देऊन विणलं. मी हे बोलले. मोठ्याने बोलले. त्यांनी दार लावलं.

पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य खात्याची बाई घरोघरी पाणी तपासायला आली. मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि चेअरमनलाही वर बोलावलं. आमची बादली पाण्यासकट अजून तिथेच होती. तिने झाकण काढलं, टॉर्च मारला, काही नाही. मग तिने सोसायटीची पाण्याची टाकी बघितली. तिचं झाकण तडकलेलं होतं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"हे पाणी सगळे वापरतात?" तिने विचारलं.

"ढांकणुं बदलावी नाखशुं," चेअरमन तडकलेल्या झाकणाकडे बोट दाखवत म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माफीचा एक शब्द नाही, ना गुजरातीत ना हिंदीत.

मी कागदावर सगळं लिहून खालच्या फळ्यावर लावलं: अळ्या कुठे सापडल्या, कुठे नाही. संध्याकाळपर्यंत कागद गायब. मी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा मी डिंकाने चिकटवला. तो खरवडताना फळ्याचा रंग निघाला.

फुटलेला पाइप बदलून मी सगळं आमच्या गॅलरीत उभं केलं. तिथे ऊन जेमतेम दोन तास येतं, पालक खुरटाच राहतो, नव्याने लावलेला पुदिना तेवढा तग धरतो. वडील त्याला हात लावत नाहीत. परवा चेअरमनची बायको पुदिना मागायला आली, तर त्यांनी मात्र उठून मूठभर तोडून दिला.

"कशाला दिला?" मी विचारलं.

"ती बाईनी आपलं काय वाईट करं?" ते म्हणाले.

बरोबर आहे त्यांचं. तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.